पहिल्या सोनोग्राफीची तारीख

किअरनने मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा टेसाच्या एका हातात लापशीचा चमचा होता आणि दुसऱ्या हाताने ती तीन वर्षांच्या मेबलचं तोंड पुसत होती.

“वाच,” तो म्हणाला. “मोठ्याने वाच.”

“हात भरलेत माझे. तूच सांग.”

“विमा काढलाय. जुळ्यांचा.”

“कशाचा?”

“जुळ्यांचा, अगं! जुळी झाली की कंपनी पाच हजार पौंड देते. एकच झालं तर आपले दोनशे दहा गेले. डीनने काढला होता त्याच्या बायकोच्या वेळी. झालं एकच, पण रडतं दोघांचं, म्हणून तो कंपनीकडे अर्धे तरी मागणार होता.” स्वतःच्याच विनोदावर तो हसला. डीन त्याच्याबरोबर छपरांची कामं करायचा. वर कौलं बसवता बसवता हे असलं ज्ञान तोच पुरवायचा.

टेसाही हसली. मेबलला चमचा आवडेना, तिने तो फेकला.

“अकरा आठवड्यांच्या आत काढावा लागतो,” किअरन सांगत होता, “आणि पहिल्या सोनोग्राफीच्या आधी. बरोबरच आहे म्हणा, पडद्यावर दोन दिसल्यावर कोण देईल विमा? अगदी वेळेत गाठलं बघ. प्रश्न ही एवढी यादी. तुझं वय, औषधं घेऊन दिवस राहिले का, माहेरी जुळी आहेत का, सोनोग्राफी झाली का. सगळं मीच भरलं. तुला पत्ता लागू दिला नाही.”

“शेवटच्याला काय लिहिलंस?”

“झाली नाही म्हणून. पंधरा दिवसांनी आहे ना?”

टेसा चमचा उचलायला वाकली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ टेबलाखाली राहिली.

सोनोग्राफी झाली होती. सतरा दिवसांपूर्वी, मंगळवारी. कॉलेजच्या प्रवेश विभागात ती मुलांचे अर्ज तपासत बसली होती. उठली तर खुर्चीवर लाल डाग. स्वेटर कमरेला गुंडाळून ती बसने एकटी इस्पितळात गेली. तिथे अशा बायकांसाठी वेगळी खोली होती, भिंतीला पिवळा रंग, कोपऱ्यात कागदी रुमालांचे खोके रचून ठेवलेले. डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला, यंत्र दोनतीनदा फिरवून पाहिलं, आणि मग म्हणाल्या, “ठोके दिसताहेत. घरी जा. जड काही उचलू नका.” किती जणांचे ठोके, हे विचारायचं टेसाच्या डोक्यातही आलं नाही. ठोके आहेत एवढंच ऐकून ती बाहेर येऊन बसथांब्यावर रडली, आणि घरी जाताना मेबलसाठी मासे घेऊन गेली.

किअरनला तिने सांगितलं नाही. त्याला कारण होतं. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी दहाव्या आठवड्यात एक गेलं होतं. तेव्हा किअरनने कामावरच्या सगळ्यांना, शेजारच्यांना, पेट्रोलपंपावरच्या बाईलाही सांगून टाकलं होतं. मग पुढचा महिनाभर भेटेल तो विचारायचा, आणि तो प्रत्येकाला नव्याने सांगायचा. एका संध्याकाळी तो दारासमोर व्हॅन लावून इंजिन बंद करून दोन तास आत बसून राहिला. टेसा खिडकीतून त्याच्या डोक्याची मागची बाजू बघत राहिली. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की याला पुन्हा अर्धवट बातमी द्यायची नाही. चांगली असो, वाईट असो, पक्की झाली की मगच.

आणि आता हा असा. या खेपेला बारा आठवडे व्हायच्या आत त्याने कुणालाही, अगदी सख्ख्या आईलाही, सांगितलं नव्हतं. घोटघोटभर आनंद गिळून बसला होता, आणि सगळा एकदम या विम्यात ओतला होता. दोनशे दहा पौंड म्हणजे त्याची दीड दिवसाची मजुरी. त्याला ‘तू खोटं लिहिलंस’ म्हणायचं, तर आधी ‘मी लपवलं’ म्हणावं लागणार. शिवाय सोनोग्राफीपर्यंतचे पंधरा दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागणार नाही, ते वेगळं.

जुळी कुठे होणार आहेत? तिने स्वतःलाच समजावलं. माहेरी कुणाला नाहीत, सासरी नाहीत. पैसे बुडतील, गोष्ट मिटेल.

“काय झालं? आवडलं नाही?” किअरनने विचारलं.

“आवडलं की. तू मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर मजा काय?”

पुढच्या पंधरा दिवसांत तिने ती पॉलिसी तीनदा वाचली. बारीक अक्षर वाचायची तिला सवयच होती; कॉलेजात दिवसभर तेच करायची. *या गरोदरपणात कोणत्याही कारणाने सोनोग्राफी झाली असल्यास ही पॉलिसी लागू होणार नाही.* कोणत्याही कारणाने. वाट काढायला कुठे फट ठेवलेली नव्हती.

शुक्रवारी किअरनने अर्धा दिवस सुट्टी टाकली, दाढी केली, लग्नातला शर्ट घातला.

“बाळ बघणार नाहीये तुझा शर्ट,” टेसा म्हणाली.

“तुला काय माहीत?”

सोनोग्राफी करणारी बाई उंच होती, जांभळ्या काड्यांचा चष्मा, केस मागे घट्ट बांधलेले. टेसा पाठीवर आडवी झाली, किअरन उशाशी स्टुलावर बसला. बाईंनी संगणकावर नाव काढलं आणि वाचता वाचता म्हणाल्या, “बरं, म्हणजे तुम्ही आधी आमच्याकडे आला होता...”

“मेबलच्या वेळी,” टेसा झटकन म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी. याच खोलीत.”

बाईंची बोटं थांबली. त्यांनी चष्म्यावरून टेसाकडे पाहिलं, मग शर्टाच्या बाह्या सारख्या करत बसलेल्या किअरनकडे, आणि पुन्हा पडद्याकडे. अशा खोलीत नवऱ्यांना माहीत नसलेल्या किती गोष्टी त्यांनी पाहिल्या असतील कुणास ठाऊक.

“हो का,” त्या एवढंच म्हणाल्या. “थंड लागेल हं.”

जेल पोटावर पडलं. पडद्यावर करडं धुकं हललं, एक डोकं दिसलं, एवढासा हात दिसला. किअरनने तिची बोटं आवळली. बाईंनी यंत्र तिरकं केलं, थांबल्या, पुन्हा तिरकं केलं. टेसा पडद्याकडे बघत नव्हती; ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि म्हणून तिला आधी कळलं.

“हे एक,” बाई म्हणाल्या. “आणि याच्या मागे दडून बसलंय, ते दुसरं.”

मग किअरन उठला, स्टूल मागे पडलं, तो हसायला लागला आणि हसता हसताच रडायला लागला. “दोन? टेसा, दोन!” त्याने तिच्या कपाळावर, नाकावर, कानावर, जिथे जमेल तिथे मुके घेतले. आणि मग, डोळे पुसत, बाईंना म्हणाला, “मी विमा काढलाय, ठाऊक आहे? जुळ्यांचा! पाच हजार!”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. त्यांनी टेसाला पुसायला कागद दिला आणि तो देताना तिच्याकडे एकदाच, नीट, पाहिलं. टेसाने मान खाली घातली.

आता ती कुणाला पटवून देणार होती की आपल्याला ठाऊक नव्हतं? मंगळवारी सोनोग्राफी, आणि तीनच आठवड्यांत घरात जुळ्यांचा विमा. तिने स्वतः असा अर्ज तपासला असता, तर लाल पेनने गोल केला असता.

रविवारी ते लिनेटकडे, किअरनच्या आईकडे, जेवायला गेले. बातमी ऐकून लिनेटने हातातला ग्रेव्हीचा चमचा खाली ठेवला, दोघांना मिठीत घेतलं, आणि विम्याचं ऐकून तो चमचा पुन्हा उचलला.

“पोटातल्या पोरांवर पैज लावलीस?”

“पैज नाही, आई. विमा.”

“घोड्यांवर तुझा बाप लावायचा तेव्हा तोही असलंच काहीतरी म्हणायचा.”

“पण तो हरायचा! मी जिंकलोय.”

“जिंकायचं अजून सहा महिन्यांनी आहे. आणि ऐक, बाबागाडी घ्याल ती दुकानातच ठेवा. बाळ यायच्या आधी घरात आणायची नाही, अपशकुन होतो. दोघांची असली तरी नाही. टेसा, पोरी, बटाटे घे. आता तिघांचं खायचंय.”

टेसाने बटाटे घेतले. किअरनचं सुरूच होतं. कंपनीच्या पाच हजारांतून काय काय करायचं, हे त्याने बोटांवर मोजलेलं होतं. डीनचा मेहुणा सात जण बसतील अशी गाडी विकतोय, चारशे पौंड आगाऊ देऊन टाकलेत. उरलेल्यात टेसाची बिनपगारी रजा लांबवायची.

“दिलेस?” टेसाने विचारलं. “चारशे?”

“काल. नाहीतर दुसऱ्या कुणी नेली असती.”

टेसाचा हिशोब वेगळा होता आणि तिला तो झोपेतही पाठ होता. दोन तान्ही पाळणाघरात ठेवायची, तर तिच्या पगारापेक्षा जास्त पैसे लागत होते. पाच हजार आले तर वर्षभर तग धरता येणार होता, मग कॉलेजातली जागा टिकली असती. नाही आले तर नोकरी सोडायची, आणि घर छपरावर चढणाऱ्या एका माणसाच्या पायावर. त्याचा पाय घसरला की सगळंच.

एक शब्द न बोलता पाच हजार मिळत होते. तिने बोलायचं नव्हतं, एवढंच.

“रंग गेलाय गं तुझा,” लिनेट म्हणाली. “दुप्पट मळमळ, दुसरं काय.”

जुळी दिसली की लगेच दावा नोंदवायचा आणि पैसे प्रसूतीनंतर, असा नियम होता; त्याचा अर्ज कंपनीकडून आला. तीन पानं किअरनने भरली. चौथं सुईणीने भरायचं होतं. टेसाला तपासणारी सुईण डोर्कस म्हणून होती, घानाहून वीस वर्षांपूर्वी आलेली, आवाज मोठा आणि हात ऊबदार. गुरुवारी टेसाने चौथं पान तिच्यापुढे ठेवलं.

“जुळ्यांचा विमा!” डोर्कस म्हणाली. “इतक्या वर्षांत हा दुसरा कागद बघतेय मी. पहिलीला तिळी झाली, तिच्या नवऱ्याने माझ्याच खांद्यावर डोकं टेकवलं.” ती एकेक रकाना भरत गेली. नाव, प्रसूतीची अंदाजे तारीख, गर्भांची संख्या. तिचं पेन शेवटच्या रकान्यावर आलं. *या गरोदरपणातील पहिल्या सोनोग्राफीची तारीख.*

“बारा आठवड्यांचीच ना ही पहिली?” तिने वर न बघता विचारलं. “माझ्या वहीत तेवढीच दिसतेय.”

तो पिवळ्या भिंतींचा कक्ष वेगळा, त्याची नोंद वेगळी. डोर्कसला खरंच माहीत नव्हतं. बाहेर कुणाचं तरी मूल ओरडत होतं. ‘नाही’ म्हटलं की पाच हजार गेले, नोकरी गेली, आणि किअरनला सगळं कळलं. ‘हो’ म्हटलं तर...

“हो,” ती म्हणाली.

डोर्कसने तारीख लिहिली, सही केली, शिक्का मारला. “मला मिठाईचा डबा आण त्यातून,” ती हसून म्हणाली. दारापर्यंत आली आणि टेसाच्या पाठीवरून हात फिरवून परत गेली. तो हात घरी पोचेपर्यंत टेसाला पाठीवर जाणवत राहिला.

घरी किअरन आधीच आला होता. वारा फार होता, छपरावर उभं राहता येत नव्हतं. मेबल लिनेटकडे होती. साडेचार वाजले होते, आणि टपाल साडेपाचला निघायचं.

“आण इकडे,” तो म्हणाला. चौथं पान त्याने बाकीच्या तिन्हींच्या खाली लावलं, कडा जुळवल्या, टेबल बाहीने पुसलं. मग पहिल्या पानाच्या तळाशी आला. तिथे चौकटीत छापलं होतं: *मी दिलेली सर्व माहिती खरी आहे. ती खोटी आढळल्यास माझ्यावर कायदेशीर कारवाई होऊ शकते, हे मला मान्य आहे.* त्याखाली रेघ. रेघेखाली किअरनचं पूर्ण नाव.

हे टेसाने वाचलेलं होतं, तीनदा नाही, दहादा. पण वाचताना तिच्या डोळ्यांपुढे पैसे होते, पेन धरलेला त्याचा हात नव्हता. हात मोठा होता, नखांत कौलांची लाल माती, अंगठ्यावर जुना व्रण. त्याला सही करायला नेहमीच वेळ लागायचा. शाळेतल्यासारखी एकेक अक्षर काढायचा. त्याने पहिलं अक्षर काढलं.

“नको करू,” टेसा म्हणाली.

“काय?”

“सही नको करू. खोटं आहे ते.”

त्याने पेन उचललं नाही, कागदावरच ठेवलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

“सोनोग्राफी आधी झाली होती. आठव्या आठवड्यात. रक्त गेलं होतं, म्हणून मी गेले. एकटी. तू विमा काढलास तेव्हा झालेली होती. मला माहीत नव्हतं दोन आहेत, किअरन, देवाशपथ नव्हतं माहीत. त्यांनी फक्त ठोके आहेत म्हणून सांगितलं. आणि आज डोर्कसने विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले.”

बोलताना तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“कुठला वार होता?” त्याने विचारलं.

“काय?”

“वार. कुठला?”

“मंगळवार.”

तो आठवू लागला. आठवलेलं तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “मासे,” तो म्हणाला. “जेवायला उशीर झाला म्हणून मी कुरकुर केली होती. आणि तू म्हणालीस बस चुकली.”

“हो.”

“मी म्हटलं, एवढं एक काम जमत नाही तुला.”

“ते सोड ना.”

तो उठला, किल्ल्या घेतल्या आणि बाहेर गेला. व्हॅनचं दार लागल्याचा आवाज आला. इंजिन सुरू झालं नाही.

टेसा खिडकीशी उभी राहिली. पुन्हा तीच खिडकी, काचेपलीकडे तेच डोकं. मागच्या वेळी ती तिथून हलली नव्हती. त्याला एकटं राहायचं असेल, असं तिने तेव्हा स्वतःशी म्हटलं होतं, आणि तेच बरोबर आहे अशी स्वतःची समजूत घातली होती. घड्याळात पावणेपाच झाले. तिने कोट अंगावर टाकला, अर्ज उचलला, बाहेर जाऊन व्हॅनचं दुसरं दार उघडलं. सीटवर खिळ्यांचा डबा होता. तो मांडीवर घेऊन ती बसली.

किअरन समोरची काच बाहीने पुसत राहिला.

“पैशाचं जाऊ दे,” तो शेवटी म्हणाला. मग थांबून, “नाही, पैशाचंही जाऊ देऊ नको. पाच हजार होते ते, टेसा.”

“माहितेय.”

“आणि मी गाडीला चारशे दिलेत.”

“माहितेय.”

“मी काय, काच आहे? तडकेन असं वाटतं तुला?”

“मागच्या वेळी तू इथेच बसला होतास दोन तास.”

“मग? बसलो. नंतर आत आलोच ना?”

आला होता. हातपाय धुऊन, मेबलला आंघोळ घालून, भांडी घासून. तिला फक्त ते दोन तासच लक्षात राहिले होते.

त्याने अर्ज तिच्या हातातून घेतला, पहिल्या पानावरचा नंबर बघितला आणि मोबाइलवर लावला. वाट बघायला लावणारं संगीत व्हॅनभर वाजू लागलं. पाच वाजायला सहा मिनिटं होती. मग एका तरुण बाईचा आवाज आला, आणि किअरन, जो पेट्रोलपंपावर कुणाशीही गप्पा मारायचा, तो एकदम शाळेत उभं केल्यासारखा बोलू लागला. जुळी आहेत. पण अर्ज करायचा नाहीये. एक सोनोग्राफी आधीच झाली होती. नाही, मला माहीत नव्हतं. मी बायकोला न विचारता भरलं, चूक माझी आहे.

“माझी आहे,” टेसा मध्येच म्हणाली. “तो म्हणतोय ती चूक माझी आहे.”

“एक मिनिट हं,” आवाज म्हणाला, आणि पुन्हा संगीत.

ते मिनिट चार मिनिटांचं होतं. टेसा मांडीवरच्या डब्यातले खिळे लहानमोठे निवडत राहिली. आवाज परत आला. पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द. काहीही मिळणार नाही. तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून प्रकरण पुढे जाणार नाही. भरलेले दोनशे दहा दोन आठवड्यांत परत येतील. आणि, आवाज जरा खाली आणून, “अभिनंदन हं दोघांचं.”

किअरनने फोन बंद केला. अर्ज चारदा दुमडून त्याने दाराच्या कप्प्यात कोंबला.

“चौथं पान फाडू नको,” टेसा म्हणाली. “उद्या डोर्कसकडे घेऊन जायचंय. तिला सांगायचंय.”

“बरं.”

“नोकरी सोडावी लागेल मला.”

“बघू.”

“बघू काय? मी हिशोब केलाय.”

“तू सगळ्याचा हिशोब करतेस, आणि एकटीच करतेस,” तो म्हणाला. आवाजात राग होता, अजून पुरता निवलेला नव्हता, आणि लवकर निवणारही नव्हता, हे तिला दिसत होतं. “आणखी काय आहे? आहे का काही? असेल तर आताच सांग. पुन्हा असं टेबलाशी बसून नको.”

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. जिभेवर तो शब्द तयार होता, रोजच्या वापरातला, गुळगुळीत झालेला.

“सकाळपासून कंबर धरलीये,” ती म्हणाली. “बसमुळे असेल.”

तो वळून तिच्याकडे बघू लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला. नेमकं हेच तिला कधी बघायचं नव्हतं, आणि आता बघावंच लागत होतं.

“चमक येते, की कळ?”

“चमक. बहुतेक.” तिने पुन्हा विचार केला. “नाही. मला सांगता येत नाही, किअरन. मला भीती वाटतेय.”

त्याने खिळ्यांचा डबा तिच्या मांडीवरून उचलून मागे ठेवला आणि तिचा पट्टा स्वतः लावला. लिनेटला फोन करून म्हणाला, “आई, मेबल तुझ्याकडेच राहू दे. टेसाला इस्पितळात दाखवून आणतो... नाही, माहीत नाही. मलाही माहीत नाही. कळलं की लगेच करतो फोन.” मग त्याने इंजिन सुरू केलं. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळायचं की उजवीकडे, त्याला सुचेना. टेसाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “डावीकडे. त्या खोलीचा रस्ता मला माहितेय.”